चौतीस किटल्यांची स्थळं

आमच्या समोर एक गृहस्थ राहायचे, असं म्हटलं की ऐकणारे लगेच चेहरा पाडतात. पाडू नका. ते ठणठणीत आहेत. फक्त वाघोलीला राहायला गेलेत, आणि आम्हा कोथरूडकरांच्या मते त्या दोन्हीत फारसा फरक नाही, एवढंच.

नाव सांगणार नाही. एक तर त्यांना खपणार नाही, आणि दुसरं म्हणजे अकरा वर्षांत मी त्यांना नावाने कधी हाक मारलेलीच नाही. नवरा त्यांना 'समोरचे' म्हणायचा, मग मीही म्हणायला लागले. ते मला 'मास्तरीणबाई' म्हणायचे, कारण मी घरी दहावीच्या गणिताचे क्लास घेते. सुरुवातीला मला राग यायचा. पण ते इतक्या गंभीरपणे म्हणायचे की त्यात कुचेष्टा कुठे सापडेना, म्हणून सोडून दिलं.

समोरचे पाटबंधारे खात्यात ड्राफ्ट्समन होते. धरणांचे आणि कालव्यांचे नकाशे काढण्यात सगळी नोकरी गेलेली. बायको आम्ही तिथे यायच्या आधीच वारलेली, मुलगा आयटीत, आणि घरात चौतीस किटल्या.

आम्ही राहायला आलो त्या दिवशी सामान जिन्यात पडलेलं, गॅस जोडलेला नाही, नवरा टेम्पोवाल्याशी भांडतोय, अशात यांनी दार उघडलं आणि म्हणाले, "चहा चार वाजून दहा मिनिटांनी आहे. आपण दोघं आणि टेम्पोवाले दोघं, एकूण चार. बरोबर मोजलं ना मी?" आमच्या पुण्यात चहा विचारायची एक पद्धत असते, तिला 'नको' हेच उत्तर द्यावं लागतं. या माणसाने विचारलंच नव्हतं, नुसतं कळवलं होतं. आम्ही गेलो. नवरा आणि टेम्पोवाला एकाच सोफ्यावर शेजारी शेजारी बसले, आणि भांडण अर्धवट राहिलं ते राहिलंच.

किटल्या काचेच्या कपाटात नव्हत्या. लोकांकडे टीव्ही असतो त्या भिंतीवर स्टीलची मांडणी ठोकलेली, स्वयंपाकघरात असते तसली, आणि तिच्यावर सगळ्या ओळीने. तामचिनीच्या, पितळेच्या, चिनीमातीच्या, टपरीवर असते तसली ॲल्युमिनियमची, पोटात निखारे घालायचा एक काश्मिरी समोवार, आणि एक बिडाची जपानी, जी रिकामी उचलतानाच मनगट दुखायचं. काही जुन्या बाजारातल्या, काही बदलीच्या गावांहून आणलेल्या, काही लोकांनी टाकून दिलेल्या. "कपाटात कशाला ठेवू? त्या काय निरोपसमारंभात मिळालेल्या ढाली आहेत?" ते म्हणायचे. "किटलीने महिना-दीड महिन्यातून एकदा तरी ओतलं पाहिजे. नाही ओतलं तर ते नुसतं भांडं. भांडी सगळ्यांकडेच असतात."

म्हणून रोज एकीची पाळी. त्यासाठी खात्यातून आणलेलं एक कोरं मस्टर होतं. त्यात तारीख, किटली, कोण कोण प्यायलं, आणि शेवटच्या रकान्यात शेरा. शेरा बहुतेक वेळा 'लाळ' असा असायचा. ओतून झाल्यावर चोचीवरून एक थेंब खाली ओघळतो आणि टेबलक्लॉथवर डाग पाडतो, त्याला ते लाळ म्हणायचे. लाळ गाळणाऱ्या किटल्या त्यांना मनापासून आवडायच्या नाहीत, पण त्यांची पाळी त्यांनी कधी चुकवली नाही. म्हणायचे, "साहेब लोकांना नाही का आपण सांभाळून घेतलं."

किटल्यांची नावंही खात्यातलीच. बारा कपांची थोरली चिनीमातीची किटली, जिच्यातून चहा बाहेर यायलाच अर्धं मिनिट लागायचं, ती 'मुख्य अभियंता'. वाकड्या चोचीची, कप सोडून बशीत ओतणारी, ती 'कंत्राटदार'. आणि एक छोटी, मळकट हिरवी, दोनच कपांची. दिसायला काही नाही, पण एक थेंब गाळायची नाही आणि चहा पाऊण तास गरम ठेवायची. ती 'हेडक्लार्क'.

माझा जीव त्या हेडक्लार्कवर जडला होता. क्लासच्या चाचणीचे पेपर तपासायला मी त्यांच्या टेबलावर जाऊन बसायचे, कारण घरी फोन, बेल आणि नवरा. समोरचे काही न विचारता, पाळी नसतानाही, हेडक्लार्क भरून माझ्या कोपराशी आणून ठेवायचे. वर जुन्या स्वेटरचं स्वतः शिवलेलं टोपडं. मस्टरमध्ये शेरा मारायचे, 'जादा काम'. एकदा मी सहज म्हटलं, ही मला देऊन टाका. तर म्हणाले, "हेडक्लार्कची बदली अशी तोंडी होत नसते." मी ते 'हो' असं समजले. माणूस आपल्या सोयीचं समजतो.

मुख्य अभियंत्याची पाळी आली की आमच्या सोसायटीत धावपळ उडायची. बारा माणसं कुठून आणायची? समोरचे चार वाजता पार्किंगमध्ये जाऊन उभे राहायचे आणि दिसेल त्याला वर घेऊन यायचे. एकदा मी दार उघडून बघते तर आत पासपोर्टच्या चौकशीला आलेला हवालदार, पाण्याची टाकी साफ करणारे तिघं, आमचे सेक्रेटरी, कुरिअरवाला, आणि शेजारच्या सोसायटीत बारशाला निघालेलं, पत्ता चुकलेलं एक जोडपं. जोडप्याने बारशासाठी आणलेला बर्फीचा पुडा तिथेच फुटला. सेक्रेटरी खरं तर यांच्या स्कूटरबद्दल नोटीस द्यायला आले होते, ती ते घडी करून खिशात घेऊन परत गेले. सगळ्यांना कप सारखे, पांढरे, जाड काठाचे, कँटीनमध्ये असतात तसले. आणि ओतणार हे स्वतः. दुसऱ्या कुणाला किटलीच्या कानाला हात लावू द्यायचे नाहीत. "चहा करता सगळ्यांना येतो," म्हणायचे, "ओतता येत नाही."

आता चहाच्या बाबतीत आमचे मतभेद होते, ते सांगितलेच पाहिजेत. मी चहा उकळते. पाणी, साखर, आलं, पावडर, दूध, सगळं एकत्र, आणि वर येऊ देते तीनदा. आमच्याकडे चहा म्हणजे हाच. समोरचे आधी किटली गरम पाण्याने विसळून घ्यायचे, मग पत्ती, मग आधणाचं पाणी, मग घड्याळ लावून चार मिनिटं गप्प. त्या चार मिनिटांत बोलायला बंदी नव्हती, पण त्यांचा चेहरा बघून कुणी बोलायचं नाही. दर रविवारी सकाळी ते आमच्याकडे यायचे तेव्हा मात्र माझा उकळलेला चहा बशीत ओतून, फुर्र आवाज करत, दोन कप प्यायचे आणि म्हणायचे, "आमटी छान झाली आहे, मास्तरीणबाई." बाहेरच्या खोलीत बसायचे नाहीत. स्वयंपाकघरात ओट्यासमोर स्टूल ओढून बसायचे. चहा जिथे होतो तिथेच प्यावा, असं त्यांचं म्हणणं.

आमच्यात एकदाच बिनसलं, तेही माझ्या चांगुलपणामुळे. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि एका डोळ्यावर हिरवी पट्टी. मला वाटलं, बिचाऱ्यांच्या किटल्या घासून देऊ. त्यात एक लाल मातीची चिनी किटली होती, लिंबाएवढी. आत बोट घातलं तर काळा थर. म्हटलं, एकटा पुरुष, कुठून घासणार. भांड्यांचा साबण लावला, तारेची घासणी घेतली आणि लख्ख करून ठेवली. त्यांनी झाकण काढून वास घेतला. मग म्हणाले, "तो थर जमवायला नऊ वर्षं लागली होती. ती किटली साबणाने कधी धुवायची नसते. असो. आता लिंबाचा वास छान येतो आहे." पुढचे तीन आठवडे मला 'मॅडम' म्हणत होते. मी तोंड लपवत फिरत होते.

पहिली किटली कुठली, हे मी बरीच वर्षं विचारत होते आणि ते टाळत होते. एका बुद्धपौर्णिमेला खीर खायला बोलावलं तेव्हा सांगितलं. मांडणीच्या अगदी वरच्या फळीवर एक पांढरी किटली होती, कान तुटून चिकटवलेला. त्या दिवशी तिची पाळी असायची, दर वर्षी.

"माझे वडील गावातल्या हॉटेलात चहा प्यायचे," ते म्हणाले. "आत नाही, बाहेर उभं राहून. त्यांचा कप बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात असायचा. आपला कप आपणच काढायचा, पुढे धरायचा, हॉटेलवाला हातभर वरून धार सोडायचा. पिऊन झालं की आपणच विसळून परत कोनाड्यात. वडील सांगायचे, तो माणूस धार सोडण्यात मोठा पटाईत होता, थेंब इकडेतिकडे जायचा नाही. आजोबांनी दीक्षा घेतली होती, पण ती बातमी त्या कोनाड्यापर्यंत पोचायला बरीच वर्षं लागली."

ते चोच पुसत होते.

"नोकरीच्या दुसऱ्या वर्षी खात्याच्या विश्रामगृहातलं जुनं सामान लिलावात निघालं. त्यात ही होती. साहेब लोकांना हिच्यातून चहा द्यायचे. घेतली, गावी गेलो, वडिलांना खुर्चीत बसवलं, कप-बशी हातात दिली आणि ओतला."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, 'लई गरम हाय.' चार कप प्यायले."

"बस्स?"

"मग काय, भाषण करायला पाहिजे होतं? तुम्ही खीर घ्या, साय धरते आहे."

माझे डोळे भरून आले होते, ते त्यांना दिसलं होतं आणि आवडलं नव्हतं, म्हणून मी मुकाट्याने खीर खाल्ली.

मग आमची सोसायटी पाडून नवी बांधायचं ठरलं. पुण्यात आता ज्याची त्याची सोसायटी पाडतात, त्यात नवल नाही. सगळ्यांनी तीन वर्षं दुसरीकडे राहायचं. आम्ही दोन गल्ल्या सोडून भाड्याने घर घेतलं. समोरच्यांनी मुलाकडे वाघोलीला जायचं ठरलं. मुलगा चांगला, सूनही भली आहे. ती टेप घेऊन आली, ओट्यावरची फळी किती मोठी आहे याचा हिशोब सांगितला आणि अतिशय वाईट वाटून म्हणाली, "बाबा, चार बसतील हो. ओढून ताणून चार."

चौतीस वजा चार. मला गणित येतं, त्यांनाही येत होतं. तीस किटल्या जाणार कुठे? हॉटेलं सजवून देणारे एक गृहस्थ आले होते, ते सगळ्या एकदम घ्यायला तयार होते. काचेच्या भिंतीत, आतून दिवे सोडून, किटल्या लावणार म्हणाले. समोरच्यांनी त्यांना पूर्ण कप चहा दिला, दारापर्यंत सोडलं, आणि आत येऊन मांडणीसमोर बराच वेळ उभे राहिले. त्या दिवसांत ते जेवायचेही कमी. शेवटी एके दिवशी माझी बेल वाजवून म्हणाले, "मास्तरीणबाई, स्थळं बघायला लागू या."

सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचा मजकूर मी लिहिला, त्यांनी दुरुस्त केला. 'किटल्या चांगल्या घरी देणे आहेत. विकत नाही. मनी प्लँट लावू इच्छिणाऱ्यांनी येऊ नये.' ज्यांना हवी त्यांनी चार वाजून दहा मिनिटांनी चहाला यायचं. मी पेन्सिल घेऊन शेजारी. मुलगी दाखवतात तसा सगळा थाट, फक्त इथे पाहुण्यांचीच परीक्षा. घरात माणसं किती, चहा कितीदा, कोण करतं, घाईत पिता की बसून, मायक्रोवेव्हमध्ये परत गरम करता का? या शेवटच्यावर भलेभले खोटं बोलायचे.

आणि एक प्रश्न कागदावर लिहिलेला नव्हता. तो ते दुसरा कप ओतता ओतता, मान वर न करता विचारायचे. "तुमच्याकडे कामाच्या मावशींना चहा कोणत्या कपात देता?"

तिसऱ्या मजल्यावरच्या निवृत्त प्राध्यापिकाबाई कौतुकाने म्हणाल्या, "त्यांचा वेगळा ठेवलाय ना. चांगला स्टीलचा, जाड आहे." समोरचे म्हणाले, "छान. स्टील टिकतं." कप काठोकाठ भरला, वर बिस्किटं दिली आणि दुसऱ्या दिवशी निरोप पाठवला की पत्रिका जुळत नाही. आयटीतलं एक तरुण जोडपं आलं. त्यांनी सांगितलं, "आम्ही पेपर कप वापरतो काका, हायजीनिक असतं." समोरच्यांनी विचारलं, "आणि आपण स्वतः?" तर म्हणाले, "आम्ही मगमध्येच." तेही गेले. एक एकटा राहणारा मुलगा होता विस्कटलेल्या केसांचा, त्याने डोकं खाजवत सांगितलं, "माझ्याकडे मावशीच चहा करतात. आधी त्या पितात, मग उरला तर मला मिळतो. मी झोपलेलो असतो." त्याला दोन किटल्या मिळाल्या.

ते लोक गेले की मी पोट धरून हसायचे. प्राध्यापिकाबाईंची तर मी नक्कल करायचे, ते 'जाड आहे' अगदी तस्सं. नवऱ्याला करून दाखवायचे, फोनवर बहिणीला करून दाखवायचे. समोरचे हसायचे नाहीत. टेबलक्लॉथवरचा डाग पुसत बसायचे. मला वाटायचं, किटल्या चालल्या म्हणून मन दुखतंय.

दोन महिन्यांत एकोणतीस किटल्या मार्गी लागल्या. मुख्य अभियंता कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर गेला, तिथे बारा माणसांची चिंता नव्हती. कंत्राटदार तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी नेला. समोवार मुलींच्या वसतिगृहात गेला. वाघोलीला न्यायच्या चार त्यांनी बाजूला काढल्या, त्यात वडिलांची पांढरी अर्थातच. मांडणीवर एकटी हेडक्लार्क उरली. मी काही बोलले नाही. म्हटलं, मला काय परीक्षा द्यायची आहे? घरातलीच आहे. मी नव्या घराच्या ओट्यावर तिची जागासुद्धा ठरवून ठेवली होती, खिडकीशेजारी.

टेम्पो आला त्या दिवशी मी सकाळपासून त्यांच्याकडेच. खोकी बांधतेय, नावं लिहितेय. आणि बघते तर समोरच्यांनी हेडक्लार्क टोपड्यात गुंडाळली आणि आपल्या कपड्यांच्या बॅगेत घातली. पाचवी. सुनेने चार सांगितल्या होत्या.

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "तुम्ही मला ती देणार नाही आहात?"

"नाही," ते म्हणाले.

"साबणामुळे ना? तीन वर्षं झाली त्याला. मी किती वेळा माफी मागू?"

"कसला साबण? तो मी केव्हाच माफ केला."

"मग रिक्षावाल्यांना दिलीत, त्या झोपाळू पोराला दोन दोन दिल्यात. अकरा वर्षं मी काय केलं तुमचं?"

ते बॅगेची चेन लावत होते, ती अडकली. सोडवत सोडवत म्हणाले, "शेवटचा प्रश्न मी तुम्हाला विचारला नाही, मास्तरीणबाई. सगळ्यांना विचारला. तुम्हाला विचारायला धीर झाला नाही. तुमच्या ओट्याच्या खिडकीत, जाळीपाशी, एक कान तुटलेला पिवळा कप उपडा घातलेला असतो. दर रविवारी समोर बसून बघतो मी."

मला पहिल्यांदा कळेचना की कुठला कप. खरंच सांगते. इतका तो तिथला होता.

"बोलायचं होतं ना मग," मी म्हटलं. आवाज चढला होता माझा. "अकरा वर्षं आमटी पिताना तोंड बंद ठेवलंत?"

"बोललो असतो तर माझा रविवारचा चहा गेला असता," ते म्हणाले. "तेवढी माझी तयारी नव्हती. त्यात माझीही चूक आहेच."

टेम्पो निघाला तेव्हा मी खाली गेले नाही. खिडकीतून बघितलं. ते पुढे ड्रायव्हरशेजारी बसले होते, बॅग मांडीवर घेऊन.

पुढचे आठ दिवस मी नुसती धुमसत होते. भांडी आपटत होते आणि मनातल्या मनात त्यांना उत्तरं देत होते. मी दिवाळीला मावशींना साडी देते, नवी, चांगल्या दुकानातली. त्यांच्या मुलीला दहावीचं गणित शिकवलं, एक पैसा घेतला नाही. आजारी पडल्या तर दवाखान्यात मी नेते. चौदा वर्षं त्या आमच्याकडे आहेत, आधीच्या घरापासून, मी त्यांना मावशी म्हणते. आणि कप? तो कप काय मी ठरवून ठेवला होता? माझ्या आईकडे असाच असायचा, म्हणून माझ्याकडे आला. कान तुटला म्हणून टाकायला काढलेला आणि मग मावशींचा झालेला. कधी झाला, तेही मला आठवेना. प्राध्यापिकाबाईंचा निदान धड होता, जाड होता. आणि मी त्यांची नक्कल करत फिरत होते. मला लाज वाटली. फार उशिरा वाटली, पण अशी वाटली की त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी तो कप कचऱ्यात टाकला. चहा केला आणि आमच्या नेहमीच्या कप-बशीत मावशींपुढे ठेवला. त्यांनी कपाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"कुणी येणार हाय का?"

"नाही. तुमच्यासाठीच आहे."

"मग माझा कप फुटला का?"

"फुटला," मी म्हटलं.

"चांगला होता," त्या म्हणाल्या. "मोठा होता. ह्यात दोन घोट तरी मावतील का?"

मी म्हटलं, दुसरा कप देते. म्हटलं, उभ्याने नका पिऊ, बसा. आणि जेवणाच्या टेबलाची खुर्ची ओढून दिली. त्या खुर्चीच्या अगदी काठावर टेकल्या, बशी हातात तशीच धरून, आणि चेहरा एकदम उतरला.

"ताई, खरं सांगा. कामावरनं काढताय का मला?"

चौदा वर्षांत मी पहिल्यांदा बस म्हटलं होतं, तर त्या बाईला दुसरं काही सुचलंच नाही. नाही हो, नाही, असं मी चार-पाच वेळा म्हटलं. त्यांना पटायला आठवडा लागला. तोवर त्या रोज चहा पिताना माझ्याकडे संशयाने बघायच्या आणि मी गॅसकडे बघायचे. मला ओततासुद्धा धड येत नव्हतं, त्यांच्या बशीत सांडायचं. आता येतं. आता त्या पाय वर घेऊन बसतात आणि आलं कमी झालं की तोंडावर सांगतात.

त्या आठवड्यानंतर मी समोरच्यांना फोन केला. नमस्कार-चमत्कार काही नाही. म्हटलं, "मला प्रश्न विचारा."

पलीकडे त्यांनी घसा साफ केला आणि तिऱ्हाईत माणसाला विचारावं तसा विचारला, सगळ्यांना विचारला होता तसाच, शब्दन् शब्द.

"आमच्याच कपात," मी म्हटलं. "आठ दिवसांपासून." खोटं बोलायची सोय नव्हती, त्यांनी अकरा वर्षं बघितलं होतं.

"आठ दिवस," ते म्हणाले. "आमच्या खात्यात प्रोबेशन सहा महिन्यांचं असायचं."

"बरं. मग सहा महिन्यांनी विचारा."

"विचारीन. हेडक्लार्क इथे कपाटात मोज्यांमागे आहे, सुनेला माहीत नाही." मग म्हणाले, "पण मास्तरीणबाई, तेव्हा मी तुम्हाला नाही विचारणार. मावशींना विचारीन."

आणि फोन ठेवला.

याला आता साडेपाच महिने होत आले. मावशींना मी यातलं अक्षरही सांगितलेलं नाही. सांगून ठेवायचा मोह मात्र रोज होतो.